कलवरी क्लास पाणबुडीचं १:२०० मॉडेल (रबाळेवाल्याकडचं): घ्या, पण कापलेलंच घ्या

आधीच सांगून टाकतो, बंद मॉडेल घेऊ नका. रबाळ्याचा हा पोरगा दोन प्रकार विकतो, एक २४०० रुपयांचं सगळीकडून बंद, आणि दुसरं कापलेलं, ३६०० चं, त्याची डावी बाजू उघडी आहे आणि आतले मजले, इंजिनं, बॅटऱ्यांचे ट्रे, टॉर्पेडोची खोली सगळं दिसतं. बाराशे रुपये वाचतात म्हणून बंद घेतलंत तर महिन्याभरात त्याच्यावर धूळ साचेल आणि घरातलं कोणीतरी विचारेल हे काय आणून ठेवलंय. कारण पाणबुडी बाहेरून दिसते कशी, तर काळा रंग फासलेला दुधी भोपळा आणि वर एक फिन, म्हणजे पाठीवरचा उभा बुरूज, संपलं. विमान असेल, रणगाडा असेल, तर बाहेरूनच तासभर बघत बसता येतं. पाणबुडीची सगळी अक्कल पोटात असते.

मॉडेल आपल्या कलवरी क्लासचं आहे, म्हणजे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या त्या सहा डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्या. बनवणारा रबाळे एमआयडीसीत एका छोट्या गाळ्यात बसतो, मशीनचे सुटे भाग थ्रीडी प्रिंट करून देणं हा त्याचा मेन धंदा, मॉडेलं साईडला. दुकानाची पाटीबिटी काही नाही, इन्स्टावर फोटो टाकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतो. मी नेरुळला राहतो म्हणून कुरियरच्या भानगडीत न पडता स्वतः जाऊन आणलं, आणि ते बरंच झालं, का ते खाली येईल.

सगळ्यात आधी पट्टी लावली, सवय आहे. खरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब, म्हणजे १:२०० ला ३३७.५ मिलिमीटर यायला पाहिजे, हे भरलं ३३६. दीड मिलिमीटर कमी, म्हणजे खऱ्या बोटीत फूटभर, चालतंय. रुंदी ६.२ मीटरची ३१ मिलिमीटर, ती बरोब्बर. तळापासून फिनच्या टोकापर्यंत १२.३ मीटर म्हणजे साडेएकसष्ट मिलिमीटर, तीपण बरोबर. फिनला दोन्ही बाजूंनी जे आडवे पंख आहेत ते जागच्या जागी. मागच्या पंख्याच्या पात्यांचा आकार मात्र त्याने अंदाजाने केलाय आणि कागदावर तसं सरळ लिहिलंयसुद्धा. त्यात त्याला नावं ठेवणार नाही, पाण्याबाहेर असताना तो भाग झाकून ठेवायची जगभरच्या नौदलांची पद्धतच आहे, पात्यांच्या आकारावरून आवाजाचा अंदाज बांधता येतो म्हणून.

ड्रॉइंग कुठून आणलंस असं मी मुद्दाम विचारलं. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पेपरने या पाणबुड्यांची २२,४०० पानांची माहिती फुटल्याची बातमी दिली होती, केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. पोरगा हसला, म्हणाला "दादा, ती पानं माझ्याकडे असती तर मी रबाळ्यात बसलो असतो का?" सगळं लॉन्चच्या फोटोंवरून आणि पेपरात आलेल्या चित्रांवरून केलंय म्हणे. आतली मांडणी बघितली की ते पटतं, ढोबळ आहे, पण काय कुठे आणि का हे कळण्याइतकी नीट आहे.

आता बॉक्स. बॉक्सवर तिरंगी स्टिकर, "१००% स्वदेशी पाणबुडी". हे जरा अतीच झालं. अभिमान मलाही आहे, पण करार २००५ चा, डिझाइन फ्रेंचांचं, त्यांचं स्कॉर्पिन नावाचं मॉडेल चिलीने घेतलं, मलेशियाने घेतलं, ब्राझीलनेही घेतलं. डिझेल इंजिनं जर्मन एमटीयू कंपनीची. पण पोलाद कापणं, वाकवणं, वेल्डिंग, पाच तुकडे जोडून एक बोट करणं, आत सगळं बसवणं आणि समुद्रात नेऊन टेस्ट करणं, हे सगळं इथे झालं, माझगावात, आपल्या माणसांच्या हातांनी, आणि ते काम कमी नाही. म्हणून मला विचाराल तर स्टिकरवर "माझगावात बांधलेली" एवढं लिहावं, खरंही राहील आणि ऐकायलाही भारी वाटतं. पहिली बोट खरं तर २०१२ मध्ये मिळायची होती, नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. त्यानंतर खांदेरी २०१९, करंज आणि वेला दोन्ही २०२१, वागीर जानेवारी २०२३ आणि शेवटची वाघशीर १५ जानेवारी २०२५. उशीर झाला तो झालाच, पण त्याचं एक कारण लोक विसरतात. माझगावने याआधी शाल्की (१९९२) आणि शंकुल (१९९४) या दोन जर्मन डिझाइनच्या पाणबुड्या बांधल्या होत्या आणि मग काम बंद पडलं, दहा-बारा वर्षं नवीन ऑर्डरच नाही. तोवर शिकलेले वेल्डर, फिटर रिटायर झाले नाहीतर दुसऱ्या कामाला लागले. पुढच्यांना परत पहिल्यापासून शिकायला लागलं.

त्यातलेच एक काका आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतात. माझगाव डॉकमधून फिटर म्हणून रिटायर झाले, नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं हार्बरने डॉकयार्ड रोडला गेले, शाल्की-शंकुलवर काम केलेलं. मॉडेल जोडून झालं तेव्हा त्यांना वर बोलावलं, म्हटलं यांच्याइतकं परीक्षण कोण करणार. काका आले, चष्मा कपाळावर चढवला, मॉडेल दोन्ही हातांत आडवं धरून उघड्या बाजूने आत बघत राहिले, चहा आला तरी लक्ष नाही. मग अंगठ्याने मधला मजला चाचपला आणि म्हणाले,

"ह्यात पाईप कुठायत?"

म्हटलं काका, एवढ्याशा मॉडेलमध्ये पाईप कुठे दाखवणार.

"मग तीच चूक आहे बघ. तुझ्या पाणबुडीत माणसाला चालायला जागा आहे."

आणि मग सुरू झाले. पोटावर पडून फ्लँज, म्हणजे पाईपांचे जोड, कसे आवळायचे, एक हात आत गेला की दुसरा जात नाही म्हणून डाव्या हाताने स्पॅनर धरायची सवय कशी लागली, एक वॉल्व्ह बदलायचा तर आधी आजूबाजूचं काय काय काढावं लागतं. कलवरीच्या आत साधारण ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाईप आहेत असं मी वाचलेलं, ते सांगितलं तर काका म्हणाले असणारच, आणि ते सगळं जिथे जायला नको तिथूनच जातं. कुठलं मशीन नक्की कुठे असतं वगैरे विचारायला लागलो तर मात्र "ते तुझं तू बघ" म्हणून चहा घेतला. बरोबर आहे त्यांचं.

तेव्हा मॉडेलचा पहिला मोठा दोष हाच, आत हवेशीर आहे. रबाळेवाल्याला मी मेसेज केला की निदान छताला पाच-सहा जाड पाईप दाखव, तो म्हणाला पातळ दांड्या प्रिंट होताना मोडतात. खरं असेल. मी शेवटी जुन्या चार्जरच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा काढून छताला चिकटवल्या, एकदम फरक पडला, घेणार असाल तर तुम्हीपण करा. सोबत माणसांच्या आकृत्या येतात, पावणेनऊ मिलिमीटरच्या, स्केलला बरोबर, पण सगळ्या ताठ उभ्या, जणू राष्ट्रगीत चालू आहे. खऱ्या बोटीत चाळीसेक माणसं असतात आणि त्यातली बरीच कुठल्याही वेळी झोपलेली असतात, शिफ्टच तशी असते. दोन-तीन आडव्या द्यायला काय हरकत होती.

आता ज्यासाठी जास्तीचे १२०० द्यायचे ते बघू. खालच्या मजल्यावर बॅटऱ्यांचे दोन ट्रे, बारीक चौकोनी खोके दाटीने बसवलेले, आणि ते ओढून बाहेर निघतात. खऱ्या बोटीत असे ३६० सेल, एकेकाचं वजन ७५० किलो. गुणाकार करा, २७० टन होतात. पाण्याखाली बोटीचं एकूण वजन पावणेअठराशे टनाच्या आसपास, म्हणजे सहावा-सातवा हिस्सा निव्वळ बॅटरी. हे वाचून डोक्यात शिरत नाही, ट्रे हातात घेऊन बाजूला ठेवला आणि उरलेलं पोट रिकामं दिसलं की शिरतं. माझ्या भाच्याला (नववीत आहे, मोबाईलमधून मान वर करत नाही) हे दाखवलं तर त्याने स्वतःहून विचारलं की मग चार्ज कुठे करतात. बरोब्बर प्रश्न.

त्याचं उत्तर मागच्या भागात आहे. तिथे दोन डिझेल इंजिनं, खरी असतात ती १२५० किलोवॉटची एकेक. त्यांचं काम पंखा फिरवणं नाही, बॅटरी चार्ज करणं. पंखा फिरवते ती मागची मोटर, कायमस्वरूपी चुंबकवाली, अतिशय शांत, आणि ती चालते बॅटरीवर. पण डिझेलला हवा लागते. म्हणून पाणबुडी थोडी वर येते, फिनमधून स्नॉर्कलची नळी पाण्याच्या वर काढते, हवा ओढते, धूर सोडते, तेवढ्या वेळात आवाजपण होतो आणि वरून विमानाच्या रडारला नळीचं टोकपण दिसू शकतं. पकडली जाण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त. पूर्ण वेगाने, म्हणजे साधारण २० नॉट, पळालात तर बॅटरी फार लवकर उतरते, हळूहळू गेलात तर काही दिवस निघतात. कॅप्टनच्या डोक्यात सतत हाच हिशोब. मॉडेलमध्ये स्नॉर्कलची नळी वरखाली होते, पेरिस्कोपपण होतो, त्यामुळे पोराला हे समजावताना तोंडाची वाफ फार दवडावी लागत नाही.

आणि मग येतो तो तुकडा, ज्यामुळे मी या मॉडेलवर एवढं लिहायला बसलो. ३६०० च्या किटमध्ये एक जादा रिंग येते, गोल, एआयपी (एअर इंडिपेंडंट प्रपल्शन) लिहिलेली. बोटीचा सांगाडा मागच्या अंगाला चुंबकांवर जोडलेला आहे, तिथे ओढलं की दोन भाग होतात, मधे ही रिंग ठेवायची, परत जोडायचं, बोट लांब होते. रिंगची लांबी त्याने अंदाजाने ठेवलीय, पण कल्पना शंभर टक्के खरी आहे, प्रत्यक्षातसुद्धा हेच करायचंय, बोट मधून कापायची आणि नवा तुकडा घालून परत वेल्ड करायची. या तुकड्यात जे बसणार ते बाहेरची हवा न घेता वीज बनवणार, म्हणजे स्नॉर्कल काढायला वारंवार वर यावं लागणार नाही. आणि हे तंत्र तयार झालंय कुठे, तर अंबरनाथला! डीआरडीओची एनएमआरएल प्रयोगशाळा, आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या पुढे लोकलने जाताना आपण डुलक्या काढत ओलांडतो ते गाव. फॉस्फोरिक अ‍ॅसिडवाला फ्युएल सेल आहे, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज बनवणारा, आणि त्यातली खरी हुशारी अशी की हायड्रोजन भरून न्यायचा नाही, बोटीतच लागेल तसा तयार करायचा. बंद पोलादी नळीत चाळीस माणसांच्या शेजारी हायड्रोजनचा साठा ठेवायचा म्हणजे काय ते तुम्हीच विचार करा. शेवटी उरतं ते पाणी, समुद्रात सोडून द्यायचं. जमिनीवर ठेवलेल्या प्रोटोटाइपची महत्त्वाची टेस्ट ८ मार्च २०२१ ला पार पडली, आणि ३० डिसेंबर २०२४ ला संरक्षण खात्याने माझगाव डॉकबरोबर हा तुकडा बनवून बोटीत घालायचा करार केला, साधारण १,९९० कोटींचा. वेळ लागलाय, खूप लागलाय, पाकिस्तानच्या अगोस्टा पाणबुड्यांकडे अशी सोय आधीपासून आहे हे माहीत असलेल्याला तर जास्तच टोचतं. तरी ती रिंग मधे बसवताना टक् आवाज होतो ना, तेव्हा बरं वाटतं. भाचा तर दिवसभर तेच करत होता.

किटच्या माहितीपत्रकावर मात्र माझा राग आहे. पुढच्या खोलीत सहा टॉर्पेडो ट्यूब नीट दाखवल्यात, बोटीत एकूण १८ हत्यारं मावतात तेही बरोबर, पण आतल्या टॉर्पेडोंना नाव दिलंय ब्लॅक शार्क. अरे बाबा, तो इटालियन टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं हे खरं, पण ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरांच्या लाच प्रकरणात तो बनवणाऱ्यांची मूळ कंपनी अडकली आणि २०१६ मध्ये तो सौदाच रद्द झाला. बोटी नव्या कोऱ्या आणि टॉर्पेडो जुने जर्मन, अशी वर्षानुवर्षं परिस्थिती. आता त्याच डिसेंबर २०२४ मध्ये नवा इलेक्ट्रॉनिक टॉर्पेडो बसवण्याचा वेगळा करार फ्रेंच नेव्हल ग्रुपबरोबर झालाय, ८७७ कोटींचा. एक्झोसेट क्षेपणास्त्र मात्र खरंच आहे, कलवरीवरून मार्च २०१७ मध्ये, म्हणजे बोट नौदलात येण्याच्याही आधी, पाण्याखालून सोडून बघितलं होतं. पोरं हे माहितीपत्रक वाचून शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवणार, मग एवढं तपासायला नको? सांगितल्यावर म्हणाला पुढच्या बॅचला दुरुस्त करतो. बघू.

नावाची पाटीपण अशीच. स्टँडवर लावायला सहापैकी कुठलंही नाव मागता येतं, मी खांदेरी मागितली, दुसरी कुठली मागणार, थळसमोरचं बेट, १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मायनाक भंडाऱ्याने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तो राखला. पाटीवर आलं "खंडेरी". नवी मुंबईत बसून मराठी पोराने असं लिहावं! म्हटलं हे नाही चालणार. मी गाळ्यावरच उभा होतो म्हणून त्याने तिथल्या तिथे दुसरी कापून दिली, पैसे घेतले नाहीत. कुरियरने मागवलं असतं तर हेच रडगाणं व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर चाललं असतं.

फिनिशिंगबद्दल. सांगाडा साध्या फिलामेंटचा, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर छापलेला आहे आणि बारीक वस्तू, म्हणजे पेरिस्कोप, पंखा, हॅच, रेझिनच्या. सांगाड्यावर लेयरच्या रेषा दिसतात, विशेषतः नाकाशी जिथे गोलाई आहे तिथे नखाने खरवडल्यासारख्या. आधी २२० चा पॉलिश पेपर, मग थोडी पुट्टी, मग ४०० चा पाण्यात बुडवून, मग प्रायमर, आणि शेवटी मॅट काळा स्प्रे, एवढं केलं तर सुंदर होतं. काहीच न करता स्प्रे मारलात तर रेषा उलट जास्त दिसतात. ग्लॉसी काळा चुकूनही घेऊ नका, खरी बोट अशी चमकत नाही. बाल्कनीत स्प्रे करताना पाऊस नाही ना बघा, आपल्याकडच्या दमट हवेत जुलैत रंग वाळतच नाही, पांढरट ढग येतात त्याच्यावर. चिकटवायला किटमध्ये काही देत नाहीत, साधं फेव्हिक्विक चालतं, पण रेझिनच्या वस्तूंना थेंब अगदी टाचणीच्या टोकाने लावा.

स्नॉर्कलची नळी खोक्यातच मोडलेली निघाली. इतक्या बारीक वस्तूला नुसत्या झिपच्या पिशवीत टाकून वर सांगाडा ठेवला तर दुसरं काय होणार. बदलून दिली, पण त्यासाठी रबाळ्याला परत हेलपाटा, स्टेशनवरून रिक्षावाले एमआयडीसीत आत यायला तयार नाहीत, तो वेगळाच ताप. माणूस बोलायला चांगला आहे, मेसेजला उत्तर देतो, फोन मात्र उचलत नाही, मागे मशीनचा आवाज असतो म्हणे.

किंमत? बाहेरून येणारे प्लास्टिक किट फिनिशिंगला याच्यापेक्षा उजवे असतात, ते मान्यच. पण कापलेली कलवरी, निघणारी बॅटरी, आणि ती अंबरनाथची रिंग, हे सगळं एकत्र मला तरी दुसरीकडे दिसलं नाही. ३६०० मध्ये माझी तक्रार नाही. ३००० असते तर दोन घेतली असती, एक काकांना. पाचपैकी चार, एक तारा ब्लॅक शार्कचा आणि पॅकिंगचा कापला.

घेणार असाल तर ऑर्डर देतानाच तीन गोष्टी लिहून पाठवा, तोंडी सांगितलेलं तो विसरतो. कापलेलं मॉडेल एआयपी रिंगसकट हवं, पाटीवरच्या नावाचं स्पेलिंग तुम्ही स्वतः टाइप करून द्या, आणि रेझिनच्या वस्तू वेगळ्या डबीत कापूस घालून पॅक करायला सांगा. बुधवारी जाऊ नका, गाळा बंद असतो.